रानातली वाहवा

संगीतातलं आपल्याला कळतं, असा माझा एक जुना समज आहे. घरात तो माझ्याखेरीज कुणाचाच नाही. तरीही आकिरा कुरोसावांचा १९८५ सालचा ‘रान’ लावताना मी सौभाग्यवतींना बजावलं, "आता ऐक, अस्सल जपानी संगीत!" सिनेमात जंगल असणार, हेही सांगून टाकलं. जपानीत ‘रान’ म्हणजे अनागोंदी, हे मागाहून कळलं.

गोष्ट ‘किंग लिअर’च्या वळणाची. म्हाताऱ्या हिदेतोराच्या आसऱ्याच्या किल्ल्यावर पोटची दोन पोरंच फौजा घेऊन येतात. बाणांचा पाऊस, आग, रक्ताचे पाट. पण ना टापांचा आवाज, ना किंकाळी. "अहो, टीव्ही बिघडला का?" मी घाईघाईनं आवाज वाढवला. टीव्ही ठीक होता. कुरोसावांनीच लढाई मुकी केली होती, आणि तिच्यावर वाजत होता एक संथ, शोकमग्न वाद्यवृंद, तोही थेट पाश्चात्त्य! एवढ्यात बंदुकीचा बार झाला, थोरला तारो पडला, संगीत तुटलं आणि सगळा कोलाहल एकदम अंगावर आला. वाढवलेला आवाज माझा मलाच भोवला.

हे संगीत तोरू ताकेमित्सुंचं. कुरोसावांना हवा होता माहलरचा बाज, आणि त्यावरून दोघांचे खटकेही उडाले. गंमत अशी, की तरुण ताकेमित्सुंना जपानी संगीतच नकोसं होतं. युद्धकाळाच्या कडू आठवणी त्याला चिकटलेल्या. पुढे बुनराकू, म्हणजे बाहुल्यांच्या नाटकाचं संगीत ऐकून ते वळले. १९६७ च्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’मध्ये त्यांनी बिवा आणि शाकुहाची ही जपानी वाद्यं वाद्यवृंदासमोर बसवली, पण दोघांना घुसळून एकजीव केलं नाही.

‘रान’मध्येही तेच. जपानी बासरी येते ती आंधळ्या त्सुरुमारूच्या झोपडीत. तो लहान असताना याच हिदेतोरानं त्याला जिवंत सोडलं, पण डोळे काढून घेतले. वादळात तोच म्हातारा आता दारी आलाय. पाहुणचाराला घरात काही नाही, म्हणून त्सुरुमारू बासरी वाजवतो. त्या सुरात गोडवा नाही. तो चिरत जातो. म्हातारा भेदरतो.

वाद्यवृंद साऱ्या मनुष्यजातीसाठी रडतो, पण उंचावरून. बासरी एकाच माणसाचं गाऱ्हाणं सांगते, आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाच ऐकवते. दोन्ही कालवले असते, तर रडणंही गेलं असतं आणि गाऱ्हाणंही.

खरं सांगायचं तर किल्ला जळत असताना मी सवयीनं "वा!" म्हणालो होतो. इतकी माणसं मरत होती, आणि मी मैफलीत बसल्यासारखी दाद देत होतो! वाद्यवृंदानं मला ती मुभा दिली, बासरीनं नाही.

"आता नाही वाटतं ‘वा’ म्हणालात?" सौभाग्यवतींनी विचारलं.

संगीतातलं घरात कुणाला कळतं, याचा आता फेरविचार करायला हवा.