वाळवंटातली सोपी वाट

पाउलो कोएलो या ब्राझीलच्या लेखकाची ‘द अल्केमिस्ट’ ही कादंबरी १९८८ मध्ये पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये ॲलन क्लार्क यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि पुढे मराठीसह अनेक भाषांतून तिला अमाप वाचक लाभला. लोकप्रियता हा काही वाङ्मयीन दोष नव्हे. मात्र आध्यात्मिक म्हणून गौरविल्या गेलेल्या या कृतीकडे ज्या अपेक्षेने वाचक वळतो, ती अपेक्षा ती पुरी करीत नाही.

आरंभ आश्वासक आहे. आंदालुसियातील मेंढपाळ सांतियागो पडक्या चर्चमध्ये रात्र काढतो आणि पिरॅमिडजवळच्या खजिन्याचे स्वप्न दुसऱ्यांदा पाहतो. आपल्या मेंढ्या इतक्या विश्वासून असतात, की एकेक मारीत गेलो तरी कळप बहुतेक संपेपर्यंत त्यांना ते उमगणार नाही, हा विचार त्याच्या मनात येतो आणि तो स्वतःच दचकतो. येथे क्षणभर एक खराखुरा माणूस दिसतो. पुढे मात्र सालेमचा राजा मेल्किझेदेक भेटतो, माणसाने मनापासून काही इच्छिले की सारे विश्व त्याच्या साह्याला धावते असे सांगतो, आणि कादंबरीचे भवितव्य तेथेच ठरून जाते. कारण ज्या जगात हा नियम अढळ आहे, तेथे संशयाला जागा नाही आणि श्रद्धेलाही खरे काम नाही. टँजिअरमध्ये सांतियागो लुबाडला जातो, वाळवंटात बंदी होतो. पण प्रत्येक आपत्ती ही पुढच्या पायरीची पूर्वतयारीच असते, हे वाचकाला आधीच ठाऊक झालेले असते.

मूळ कथाबीज जुने आहे. जलालुद्दीन रूमीच्या ‘मसनवी’च्या सहाव्या दफ्तरात बगदादचा एक कफल्लक माणूस स्वप्नादेशावरून इजिप्तला जातो, रात्री पहारेकऱ्याच्या हाती सापडून मार खातो आणि त्याच्याच तोंडून खजिना आपल्या बगदादच्या घरी असल्याचे ऐकतो. ‘अरेबियन नाइट्स’मध्येही ही कथा आहे, बोर्हेसनेही ती १९३५ च्या संग्रहात सांगितली. तेव्हा उसनवारीचा आक्षेप येथे गैरलागू आहे. कथा अशाच फिरत असतात. प्रश्न आहे तो फिरताना काय गळून पडले याचा. रूमी त्या कथेच्या ओघात प्रार्थनेच्या उत्तराला लागणाऱ्या विलंबाचा विचार करतो: भक्ताचा आर्त स्वर ईश्वराला प्रिय असतो, म्हणून उत्तर लांबते. हा विलंब हेच त्या कथेचे मर्म. संतांच्या करुणापर अभंगांवर ज्याचा कान घडला आहे, त्या मराठी वाचकाला तर देवाच्या मौनाशी होणारे भांडण परके नाही. कोएलोच्या विश्वात मौन असे नाहीच. वाळवंट बोलते, वारा बोलतो, सूर्य बोलतो, आणि सर्वांचे म्हणणे नायकाच्या सोयीचे असते.

कादंबरीच्या प्रास्ताविकात नार्सिससची ऑस्कर वाइल्डने रचलेली कथा येते: सरोवर नार्सिससच्या डोळ्यांत स्वतःचेच सौंदर्य पाहत होते. ही कथा लेखकाने सौंदर्यबोधासाठी योजिली असेल. परंतु नकळत ती पुढील मजकुराचीच टीका ठरते. सांतियागोला भेटणारा प्रत्येक जण त्याचे प्रतिबिंब दाखविण्यापुरता उभा आहे. ओअसिसमधील फातिमाच्या वाट्याला तर वाट पाहण्याखेरीज काही येत नाही. स्वतःचे स्वप्न असण्याचा अधिकार तिला अवघड प्रसंगी देखील दिला जात नाही. पुस्तकांत बुडालेला इंग्रज प्रवासी हा केवळ विरोधासाठी आहे.

अपवाद एकच, टँजिअरचा स्फटिकविक्रेता. मक्केला जावे ही त्याची आयुष्यभराची इच्छा. पण ती पुरी झाली तर जगण्याला कारण उरणार नाही, या भयाने तो दुकान सोडत नाही. इच्छा आणि तिच्या पूर्तीचे भय यांच्यात अडकलेला हा माणूस संपूर्ण कादंबरीतील एकमेव गुंतागुंतीचे मन आहे. त्याच्या दुकानात सांतियागो जवळजवळ वर्षभर राबतो, स्फटिकाच्या पेल्यांतून चहा विकण्याची कल्पना काढतो, आणि पैसे साठताच पुढे जातो. लेखकाच्या लेखी दुकानदार हा वाट चुकलेल्यांचे उदाहरण, म्हणून त्याला मागे ठेवले जाते. अखेरीस सांतियागोला त्याच चर्चमध्ये सोन्याच्या नाण्यांची पेटी सापडते. स्फटिकविक्रेत्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची सवड कादंबरीला नाही.