उजेड किती होता?

संध्याकाळ झाली की माझ्या फोनवर आभाळ यायला लागतं. कुणी किल्ला तलावाच्या काठावरून पाठवतं, कुणी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांमधून, कुणी अनगोळच्या गच्चीवरून. सगळे फिरायला गेलेले ओळखीचेच लोक. खाली काळी झाडं, वर केशरी-जांभळं आभाळ, मध्ये एखादी विजेची तार. मीही पाठवते. तेव्हा पुढे जी तक्रार करणार आहे, ती आधी माझ्याच फोटोंबद्दल आहे हे सांगून ठेवते.

असे फोटो म्हणजे कला की नुसता विरंगुळा, या वादात मला रस नाही. रोज त्याच वाटेनं जाऊन वर बघणं ही सवयच मोलाची आहे. बेळगावचं आभाळ बघण्यासारखं आहेही. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की वळवाचे ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे उभे वाढतात. जूनमध्ये खानापूरच्या बाजूनं पाऊस येतो आणि जुलैत सगळं आभाळ एकसारखं राखाडी होऊन खाली उतरतं. पण आमच्या फोटोंत हा जुलै जवळजवळ नसतोच. ऑक्टोबर-नोव्हेंबरची रंगीत आभाळं ढिगानं, जुलैची बोटांवर मोजण्याइतकी. रोज बघतो म्हणायचं आणि सणासुदीचंच ठेवायचं, ही पहिली खोट.

दुसरी खोट जास्त खोल आहे. ती कळायला जरा मागे जावं लागेल.

कॅमेऱ्याला आभाळ पहिल्यापासून जड गेलं. एकोणिसाव्या शतकातल्या काचांवरचा लेप निळ्या प्रकाशाला भलताच हळवा होता. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक होऊन जायचं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानं १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढले तेव्हा त्यानं काही चित्रांत पाण्याची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी, अशा दोन जोडल्या. लोक थक्क झाले. जोड होती खरी, पण ती कुठे आणि कशासाठी घातली हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

पुढे अमेरिकेत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यानं १९२२ पासून लेक जॉर्ज इथल्या आपल्या घराच्या परिसरात ढग टिपायला सुरुवात केली. दहा-बारा वर्षांत दोनशेहून जास्त फोटो झाले. पोस्टकार्डाएवढे लहान, काळे-पांढरे. बहुतेकांत जमीन नाही, क्षितिज नाही, त्यामुळे वरची बाजू कुठली तेही पटकन उमगत नाही. काहींत आभाळ रात्रीसारखं काळं आणि सूर्य फिकट चकतीसारखा. त्यानं त्यांना ‘इक्विव्हॅलन्ट्स’ म्हटलं, म्हणजे आपल्या मनातल्या अवस्थांच्या तोडीची चित्रं. ‘त्या दिवशी लेक जॉर्जला असं दिसत होतं’ असा त्याचा दावाच नव्हता.

आता आपला फोन घ्या. उजेड कमी झाला की तो एका फोटोसाठी अनेक फोटो टिपतो, एकावर एक बसवतो, सावल्या उचलतो, निळं जास्त निळं करतो. काम ल ग्रेचंच. फरक इतकाच की जोड फोन घालतो, आणि आपण म्हणतो, ‘मी काल हे बघितलं.’

यात काय बिघडलं, असं मलाही वाटायचं. ते का वाटेनासं झालं, ते सांगते.

आमच्या घरात सूर्यास्त हा देखावा नव्हता. ती जेवणाची वेळ होती. सूर्य मावळल्यावर खायचं नाही, आणि कडक पाळणारे तर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधीच हात धुतात. जुलैच्या सुरुवातीला बेळगावात सूर्य सातच्या पुढे मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास. आजीला हे पाठ होतं. तरी ती घड्याळावर विसंबायची नाही. परसात येऊन आभाळ बघायची, मग तळहात समोर धरायची. रेषा अंधुक झाल्या की चूल आवरली. पावसाळ्यात, सूर्य दिसतच नसताना, ही हाताची कसोटीच खरी.

शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. खिडकीसमोर शेजारची इमारत उभी राहिलेली, खोलीत दिवसभर ट्यूबलाइट. एका जुलैच्या संध्याकाळी मी फिरून आले तर तिनं विचारलं, “बाहेर उजेड हाय काय गं?”

मी फोन पुढे केला. दहाच मिनिटांपूर्वी काढलेला तलावाचा फोटो. पाणी चकाकत होतं, ढगांच्या कडा स्वच्छ.

“चांगला हाय की. वाढ मग.”

तिनं अर्धी भाकरी आणि आमटी खाल्ली. मी मागचं दार लावायला गेले आणि बघितलं, रस्त्यावरचे दिवे केव्हाच लागले होते, परसातला आंबा आणि भिंत वेगळी ओळखू येत नव्हती. मी स्वतः त्याच अंधारातून चालत आले होते. तिनं विचारलं मला, आणि मी उत्तर द्यायचं काम फोनवर सोडलं. साठ वर्षांचा नेम माझ्या हातून मोडला. तिला ते कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गच्चीवर उभी राहून मी तळहात धरला. रेषा दिसेनात. मग हाताचा फोटो काढला. फोटोत एकूण एक रेषा होती.

तेव्हापासून आभाळाचा फोटो बघताना माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: त्या घडीला उजेड किती होता, हे यातून कळतं का? या कसोटीला स्टिग्लिट्झही उतरणार नाही, हे मान्य. पण त्यानं दिवसाची रात्र केली ती जाणूनबुजून, आणि नावातच तसं सांगून. आपले फोटो रात्रीचा दिवस करतात आणि वर ‘आजची संध्याकाळ’ म्हणतात. किल्ल्यातल्या कमल बस्तीतही हेच होतं. १२०४ सालची ती बस्ती. ऊन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. दोन-तीन मिनिटं थांबलं की छतातलं दगडी कमळ एकेक पाकळीनं पुढे येतं. फोन ते झटक्यात दाखवतो, आणि ती दोन-तीन मिनिटं फुकट गेल्यासारखी आपण बाहेर पडतो.

फोन टाकून द्या असं मी म्हणत नाही. बऱ्याच फोनांवर पडद्याला बोट लावून उजेड खाली ओढता येतो. वर बघायचं, पडदा बघायचं, थोडा ओढायचं, पुन्हा वर बघायचं. डोळ्याला दिसतं तितकंच पडद्यावर येईपर्यंत चार-पाचदा तरी मान वर करावी लागते. फिरायला जाऊन एवढं घडलं तरी पुष्कळ झालं.

आजीचा नेम मी पाळत नाही. पण यंदा जुलैतले फोटोही पाठवते. राखाडी, जवळजवळ काहीच नसलेले. त्यांना कुणी ‘वा’ म्हणत नाही. खाली मी वेळ लिहिते: ७ वाजून १२ मिनिटं, रेषा दिसत नाहीत.