सुईचा कल, ओवीचा क्रम

चाकणच्या टूलरूममध्ये नवं ड्रॉइंग हाती आलं की जाणता कारागीर आधी डेटम शोधतो. बाकीची सगळी मापं ज्या पृष्ठावरून धरायची ते ठरल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १० नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्याला हीच नजर भेटते. एप्रिलात लिस्बन सोडून ऑक्टोबरात गोव्याला उतरलेला हा तिशीतला इंग्रज जेझुइट प्रवासाची हकीकत सांगता सांगता मध्येच थबकतो आणि एक अडचण उलगडू लागतो: पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गलबताला दिशा धरण्यासाठी आकाशात एकही स्थिर बिंदू नाही.

त्यानंतरचा परिच्छेद सावकाश चाखावा असा आहे. अक्षांशाची खात्री खलाशांना नेहमीच असते, असं ते निःशंकपणे नोंदवतात. रेखांश मात्र वाऱ्याच्या वेगावरून, गलबताच्या चालीवरून, आधीच्या प्रवाशांनी टिपून ठेवलेल्या पक्ष्यांवरून आणि समुद्रातल्या खुणांवरून अंदाजावा लागतो. ज्ञात आणि अनुमित यांच्यामधली ही रेघ किती स्वच्छ आहे! आणि मग येते होकायंत्राची सुई. ते सांगतात, अझोर्समधल्या साओ मिगेल बेटाच्या रेखावृत्तावर ती नीट उत्तर दाखवते, तिथून आफ्रिकेच्या टोकाकडे जाताना पूर्वेला कलत जाते, टोकापाशी पुन्हा सरळ होते आणि ते ओलांडलं की त्याच प्रमाणात पश्चिमेला कलते. सुईचा दोष नियमाने वाढतो आणि नियमानेच ओसरतो, म्हणून त्या दोषावरूनच ठिकाण ओळखता येतं, असा त्यांचा हिशेब. वाचता वाचता आपल्या डोळ्यांपुढे समुद्रावर एक डौलदार, सममित वक्ररेषा उमटते. स्टीफन्स १५७५ मध्ये रोमला जेझुइट संघात आले, तेव्हा क्लाव्हियस या थोर गणितज्ञाची युक्लिडवरची टीका प्रसिद्ध होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या शहराची शिस्त या वाक्यांच्या बांधणीत मला स्पष्ट ऐकू येते.

याच बुद्धीने पुढे गोव्यातल्या साष्टीत राहून मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन पुराणं, पहिलं सृष्टीपासून ख्रिस्तपूर्व कथेचं, दुसरं ख्रिस्तचरित्राचं. आळंदी आणि देहू यांच्यामध्ये वसलेल्या आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्याला ओवी परकी कशी वाटेल! माउलींनी गीतेचं अवघं तत्त्वचिंतन जिच्यात प्रवाही केलं, तीच ही ओवी, तुकोबांच्या हयातीत एका परदेशी पाद्रीच्या हाती आलेली.

पण मला मोह पडतो तो आरंभीच्या प्रसंगाचा. नवख्रिस्ती मंडळींना धर्मशिक्षण दिलं जात असताना एक ब्राह्मण पाद्री-गुरूंना विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? या नम्र विनंतीच्या पोटात किती घट्ट अनुमान आहे पाहा. पुराणश्रवणाची ओढ खरी. ती भागवणारे ग्रंथ हिरावले गेले. नुसत्या धर्मपाठाने ती भागत नाही. तेव्हा ज्यांनी हिरावले, त्यांनीच द्यावं. गोव्यात त्या काळी देशी ग्रंथांवर जी बंदी होती, तिची वेदना या प्रश्नातून लख्ख दिसते, आणि ती ग्रंथाच्या दाराशीच उभी करण्याचा कवीचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पुढेही श्रोते मध्ये मध्ये शंका काढतात, गुरू उत्तर देतात आणि कथा पुढचं पाऊल टाकते. तार्किकाच्या हाती जे शंका-समाधान रुक्ष झालं असतं, ते इथे ओवीच्या साडेतीन चरणांत श्वास घेतं: तीन चरण युक्तिवाद उचलून धरतात, आखूड चौथा तो अलगद खाली ठेवतो. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्यातून काढलेली देवनागरी आवृत्ती मिळाली, तर पहिला अवस्वरू, म्हणजे पहिला अध्याय, मोठ्याने वाचा. त्या ब्राह्मणाचा प्रश्न आला की घाईने उत्तराकडे वळू नका. तो प्रश्न पुन्हा एकदा, सावकाश म्हणा.