भुयारांच्या दंतकथांचें प्रामाण्य

महाराष्ट्रांतील कोणत्याहि जुन्या गांवीं जाऊन तेथील वाड्याची, गढीची किंवा देवालयाची चौकशी करावी. बांधणाऱ्याचें नांव कोणास ठाऊक नसलें तरी खालच्या भुयाराची हकीकत सांगणारा मनुष्य हटकून भेटतो. भुयाराचें एक टोंक गांवकऱ्यांनीं पाहिलेलें असतें. दुसरें टोंक दहापांच कोसांवरच्या एखाद्या किल्ल्यांत निघतें असें त्यांनीं ऐकलेलें असतें. पुण्यास शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत, आणि तेथेंहि न थांबतां थेट सिंहगडापर्यंत भुयार आहे असें सांगणारे लोक आजहि आहेत. स्थलवर्णनपर पुस्तिकांतून अशा हकीकती ‘असें म्हणतात’ या दोन शब्दांच्या आधारावर छापल्या जातात. एकदां छापल्या म्हणजे पुढचा लेखक त्या पुस्तिकेचा हवाला देतो आणि ते दोन शब्द गाळून टाकतो. दंतकथा इतिहास होते ती अशी. प्रस्तुत लेखांत या दंतकथांच्या प्रामाण्याचा विचार करावयाचा आहे.

आरंभींच एक कबुली देणें अवश्य आहे. पंचवीस-तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवीत असतां लाक्षागृहाचा प्रसंग आला कीं मीं स्वतः मुलांना गांवच्या भुयाराची गोष्ट सांगत आलों. मुलें डोळे विस्फारून ऐकत, आणि शिक्षकास त्याचें समाधान वाटे. त्या गोष्टीचा एक परिणाम पुढें माझ्याच डोळ्यांपुढें आला. तो लेखाच्या शेवटीं सांगेन.

आपल्या शास्त्रकारांनीं अशा वार्तेस एक नांव देऊन ठेविलें आहे, तें म्हणजे ‘ऐतिह्य’. जी गोष्ट परंपरेनें सांगत आले, परंतु जिचा मूळ वक्ता कोण हें सांगतां येत नाहीं, तें ऐतिह्य. ‘या वडावर यक्ष राहतो’ हें त्याचें ठरीव उदाहरण होय. कित्येकांनीं ऐतिह्य हें स्वतंत्र प्रमाण मानिलें. न्यायसूत्रांत त्याचा अंतर्भाव शब्दप्रमाणांत केला आहे. परंतु शब्द प्रमाण व्हावयाचा तर वक्ता आप्त पाहिजे, म्हणजे त्यानें ती वस्तु जाणलेली पाहिजे. भुयाराच्या वार्तेला ही कसोटी लावली कीं तिचे दोन तुकडे पडतात. भुयाराचें तोंड सांगणाऱ्यानें पाहिलेलें असतें, तेवढ्यापुरता तो आप्त आहे. भुयाराची वाट मात्र कोणीच चाललेला नसतो. जो चालला त्याची गोष्ट अशीच असते कीं तो परत आला नाहीं. वऱ्हाड आंत शिरलें आणि गडप झालें, वाजंत्र्यांचा आवाज कांहीं वेळ ऐकूं आला आणि मग बंद पडला, ‘पुढें सरकारनें तोंड बुजविलें’, ही सामग्री गांवोगांव सारखीच असते. साक्षीदार परत येत नाहींत असा ज्या वार्तेचा विषयच आहे, तिला आप्तवाक्य कोठून मिळणार? तेव्हां तोंडापुरतें प्रत्यक्ष आणि वाटेपुरतें ऐतिह्य हा विभाग मनांत ठेवून पुढें जाऊं.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘भुयार’ हा शब्द संस्कृत भूमिगृह, प्राकृत भूमिहर यांवरून आलेला आहे. गुजराथींत ‘भोंयरूं’ याचा अर्थ आजहि तळघर असाच होतो. अर्थात् भुयार ही मूळची वाट नव्हे, ती खोली आहे. वाटेला संस्कृतांत निराळा शब्द आहे, ‘सुरुङ्गा’. पुष्कळ पंडित त्याचा संबंध ग्रीक ‘सिरिंक्स’ या शब्दाशीं जोडतात. कौटिल्याचें अर्थशास्त्र, जें १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं म्हैसुरास प्रथम छापून प्रसिद्ध केलें, त्यांत राजाच्या निवासस्थानाच्या प्रकरणीं हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. जमिनीखालीं घर असावें, त्याचें दार देवतेच्या आकृतीनें झांकलेलें असावें आणि त्यास अनेक सुरुंगांनीं जाण्यायेण्याची सोय असावी, असें तेथील सांगणें आहे. घर निराळें आणि वाट निराळी हें येथें स्पष्ट आहे. मराठींत ‘सुरुंग’ शब्द पुढें दारूनें उडविण्याच्या कामाकडे गेला. वाटेचा अर्थ निराश्रित झाला आणि तो ‘भुयार’ या शब्दाच्या आश्रयास येऊन राहिला. वाड्याच्या जुन्या कागदांत ‘भुयार’ शब्द दिसला तर संग्राहकांनीं प्रथम धान्याची किंवा ठेवण्याची कोठडी मनांत आणावी. पळवाट मनांत आणण्यास निराळा पुरावा पाहिजे.

येथें पूर्वपक्ष असा येतो कीं, गुप्त मार्गांची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. विदुरानें पाठविलेल्या खनकानें पांडवांना जतुगृहांतून वाट काढून दिली. पालींत महाउम्मग्ग जातक तर भुयाराच्याच नांवावर प्रसिद्ध आहे. ही परंपरा कोण नाकारतो? परंतु ग्रंथ काय सांगतात तें नीट पाहावें. वारणावतांतील विवर एका घराच्या मध्यापासून निघतें आणि नगराबाहेर वनांत उघडतें. तें हस्तिनापुरास जात नाहीं. पांडव तेथें वर्षभर राहिले, म्हणजे कामास अवकाशहि होता. पुढचा सर्व प्रवास त्यांनीं भूमीच्या वरूनच केला. पळवाटेचें काम वेढ्याबाहेर पडण्यापुरतें असतें, दहा कोस चालण्याचें नसतें. शत्रूच्या सुरुंगाचा सुगावा लागावा म्हणून शंकेच्या जागीं काशाचीं भांडीं ठेवावीं असें अर्थशास्त्र सांगतें, यावरूनहि हीं कामें तटाजवळच्या लहान टप्प्याचीं होतीं हें उघड होतें. आपल्या इतिहासांतील प्रत्यक्ष सुरुंग तसेच आहेत. १६६० सालीं शाहिस्तेखानानें चाकणचा बुरूज सुरुंगानें उडविला तो सुमारें दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर. १७०० सालीं साताऱ्याच्या वेढ्यांत सुरुंगानें उडालेला तट उलट येऊन मोगलांचेच पुष्कळ लोक मेले. खडकाखालचें काम काय मोलाचें व किती धोक्याचें असतें हें यावरून समजावें. देवगिरीची ‘अंधारी’ ही खरोखरीची खोदीव वाट आहे. परंतु ती कड्याच्या पोटांतून वर चढते आणि त्याच किल्ल्यांत उघडते.

आतां पुण्याचें भुयार कसोटीस लावूं. पहिली कसोटी प्रयोजनाची. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशवे शनिवारवाड्यांत मारले गेले. ते जीव घेऊन धांवले ते चुलत्याच्या आश्रयास. भुयाराकडे धांवले असें कोणी लिहीत नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं होळकरानें हडपसरच्या लढाईंत फौजेचा मोड केल्यावर दुसरा बाजीराव सिंहगडाकडेच गेला, तेथून कोंकणांत उतरला आणि अखेर वसईस पोंचला. सिंहगडाच्या भुयाराची ज्यास सर्वांत अधिक गरज, तो पुरुष घोड्यावर बसून उघड्या रस्त्यानें सिंहगडास गेला! जें भुयार धन्याला संकटांत ठाऊक नव्हतें, तें आज चहाच्या दुकानीं सर्वांना ठाऊक आहे.

दुसरी कसोटी खर्चाची. शनिवारवाडा ते सिंहगड हें अंतर सरळ रेषेंत सुमारें १२ मैल आहे. मनुष्यास जाण्यापुरती ३ फूट रुंद व ६ फूट उंच वाट धरली तरी ११ लक्ष ४० हजार घनफूट माती व काळा पाषाण बाहेर काढावा लागेल, आणि बाहेर आल्यावर तो भुगा होऊन आणखी फुगेल. हा ढीग कोठें गेला? ‘गुप्त गोष्ट कागदांत कशी येईल?’ असा यावर आक्षेप असतो. कामाचा हेतु गुप्त ठेवतां येतो हें खरें. पाथरवटाची मजुरी, लोहाराचा कोळसा, बैलांचा दाणा हीं मात्र हेतु न लिहितांहि जमाखर्चांत उतरतात. पेशवे दप्तरांतील निवडक कागद सरदेसाई यांच्या संपादनानें १९३० पासून ४५ भागांत छापले गेले. ते व इतर छापील साधनें यांत असें काम माझ्या वाचनांत आलें नाहीं. केवळ मौनावरून सिद्धांत करूं नये हें मी जाणतों. परंतु प्रयोजनाचा अभाव, ढिगाचा अभाव आणि कागदाचा अभाव एकत्र आले म्हणजे त्या मौनास वजन येतें.

तिसरी कसोटी वाऱ्याची, आणि तीच आपणांस खऱ्या उत्तराकडे नेते. लांब बंदिस्त वाटेंत मशाल टिकत नाहीं, मनुष्यहि टिकत नाहीं. तिला जागोजाग वर उघडणाऱ्या विहिरी किंवा धुरांडीं पाहिजेत. तीं असलीं तर वाट गुप्त राहत नाहीं. अशा विहिरी असलेल्या जमिनीखालच्या लांब वाटा आपल्याकडे आहेत, परंतु त्या पाण्याच्या आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (१७४०–१७६१) कात्रजच्या तलावापासून पुण्यापर्यंत बांधीव नळ आणला गेला, त्यावर जागोजाग उच्छ्वास आहेत आणि कांहीं भागांत मनुष्य उभ्यानें चालूं शकेल इतकी त्याची उंची आहे. शहरांतील हौद त्याच्याच पाण्यावर भरत. शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून चुनेगच्ची वाट येते, ती दक्षिणेकडच्या डोंगरांकडून येते आणि तींत मनुष्य मावतो, हीं तिन्ही विधानें अक्षरशः खरीं आहेत. खोटें आहे तें एवढेंच, कीं तींतून पेशवे जात. मार्च २०१९ मध्यें स्वारगेटजवळ मेट्रोच्या खोदकामांत बांधीव भूमिगत मार्ग लागला, तेव्हांहि ‘पेशव्यांचें भुयार’ म्हणून गवगवा झाला. जाणकारांनीं तो पाण्याच्या योजनेचाच ठरविला.

हीच गोष्ट इतरत्र दिसते. मलिक अंबरानें (मृत्यु १६२६) खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, नहर आणली. बऱ्हाणपुरास १६१५ च्या सुमारास कुंडी भंडाऱ्याची योजना झाली, तींत शंभरांहून अधिक कुंड्या पोटांतून जोडलेल्या आहेत. बेदरास बहामनी काळचा जो भूमिगत जलमार्ग आहे, त्याच्या मुखाची जागा लोकांत ‘सुरंग भावी’ याच नांवानें ओळखली जाते, आणि विजापुरासहि सुरंग बावडी आहे. या नांवांत लोकांनीं सुरुंग आणि विहीर हे दोन शब्द शेजारीं ठेवून कोडें सोडवून दाखविलें आहे. आपणच तें वाचीत नाहीं. भुयारांच्या कथांत एक खूण वारंवार येते: या तोंडांत लिंबूं टाकलें कीं त्या टोंकाला निघतें. लिंबूं चालत जात नाहीं, तें वाहत जातें. वऱ्हाड आणि वाजंत्री हा मागाहून चढलेला साज आहे. लिंबूं ही मूळ आठवण आहे.

यावरून माझा सिद्धांत असा. भुयाराची दंतकथा टाकाऊ नाहीं. तिची वाट खोटी असली तरी तोंड बहुधा खरें असतें, आणि त्या तोंडाशीं नहर, तळघर, पेव, टाकें किंवा तटाची चोरवाट यांपैकीं कांहीं तरी असतें. संशोधकानें वाट सोडून द्यावी आणि तोंडाचें टिपण करावें: लांबी-रुंदी, उतार कोणत्या दिशेस, आंत चुन्याचा गिलावा आहे कीं नाहीं, भिंतीवर पाण्याची रेघ आहे कीं नाहीं, जवळ हौद किंवा विहीर कोठें. एका नकाशावर दहा तोंडें मांडलीं कीं तीं एका रेषेंत येतात कीं काय हें आपोआप दिसेल.

आतां ती राहिलेली हकीकत. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घराण्याचा जुना वाडा होता. वर्गांत ऐकलेली गोष्ट त्याच्या मनांत राहिली होती, आणि मोठेपणीं त्यानें भावांसह माजघराची जमीन खणविली. मला निरोप आला तेव्हां खणून तीन दिवस झाले होते. खालीं निघालें तें चांगल्या गिलाव्याचें पेव. तें कुदळींनीं फुटलें होतें. वाट मोकळी करण्यासाठीं शेजारच्या बळदांतील कागदांचे रुमाल अंगणांत टाकले होते, आणि मृगाचा पाऊस पडून गेला होता. मीं चार बंद वाळवून वाचले. त्यांत चुना, विटा आणि बेलदारांची मजुरी यांचा हिशेब होता, आणि शब्द होता ‘पेव’. त्या खड्ड्याचा अर्थ सांगणारा कागद त्या खड्ड्याच्या शोधांत भिजून गेला. मुलानें विचारलें, “गुरुजी, मग भुयार कोठें?” मला उत्तर देतां आलें नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं किंवा शेजारीं असे वाडे आहेत त्यांना विनंती इतकीच कीं, कुदळ घेण्यापूर्वीं रुमाल सोडावे. नहरांचे उच्छ्वास ‘भुयार’ म्हणून दरसाल बुजविले जात आहेत आणि हौदांवर इमारती उभ्या राहत आहेत. जें तोंड आज दिसतें तें उद्यां दिसेलच असें नाहीं. आपल्या गांवच्या भुयाराचें तोंड मोजून कोणी टिपण पाठविल्यास तें आनंदानें पाहीन. त्या टिपणांत वाटेविषयीं एक ओळहि नसली तरी चालेल.