खांब, साखळी आणि न लिहिलेला नमुना

लग्नघरी रुखवत मांडलं की जाणत्या बायका क्रोशाच्या रुमालाचा कोपरा हलकेच उचलतात आणि उलटी बाजू बघतात. गाठी कुठे लपवल्यात, दोरा कुठे जोडलाय, फेरा कुठे बंद केलाय, हे तिथेच कळतं. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या घरांत आजही हे दृश्य दिसतं. दाराचं तोरण, समईखालचा गोल रुमाल, दुधाच्या भांड्यावरचा मणी लावलेला झाकणरुमाल, बाळाचं टोपडं, महालक्ष्म्यांपुढची लोकरीची रांगोळी, असं बरंच काही. कुणी विणलं हे विचारलं की नाव लगेच मिळतं. नमुना कुणाचा, असं विचारलं की उत्तर येतं, ‘मावशीकडचा रुमाल बघून केला.’ मावशीने तो शेजारणीचा बघून केलेला असतो. त्यापुढे माग लागत नाही.

आपल्याकडच्या क्रोशाची आजची स्थिती मला या उत्तरात दिसते. हात तयार आहेत, सफाई आहे, हौस तर आहेच. नमुना मात्र लिहिलेला नाही आणि तो रचणारीचं नाव कुठेच नाही.

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याचा अर्थ लहान आकडा. हे काम जगभर पसरलं ते छापील नमुन्यांच्या बळावर. एलिओनोर रीगो दे ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८४० च्या दशकापासून क्रोशाच्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या अनेक घरांना क्रोशाच्या लेसने आधार दिला. १८८६ मध्ये तेरेझ द दिलमाँचा सुईकामाचा ज्ञानकोश आला आणि पुढे अनेक भाषांत गेला. म्हणजे युरोपात ही कला हातातून कागदावर आली आणि कागदावरून पुन्हा हजारो हातांत गेली. आपल्याकडे ती हातातून हातात आली आणि तशीच राहिली.

तसे स्त्रियांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने छापून येत. पण मासिकं रद्दीत जातात. स्वयंपाकाला कमलाबाई ओगले भेटल्या. १९७० साली त्यांचं ‘रुचिरा’ हे पुस्तक आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांतला अंदाज कागदावर उतरला. ज्यांच्या सासूने काही सांगितलं नाही, त्यांनाही स्वयंपाक आला. क्रोशाला असं घरोघरी पोचलेलं पुस्तक मिळालं नाही, ही उणीव मला फार मोठी वाटते.

कारण शब्द तर आपल्याकडे तयार होते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब. यातला प्रत्येक शब्द डोळ्यांना दिसतं तेच सांगतो. सुईवर वेढा न घेता काढला तो मुका, एक वेढा घेऊन काढला तो खांब. इंग्रजीत इथे मोठा घोळ आहे. ब्रिटिश पुस्तकात ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात तो आपला मुका खांब, आणि अमेरिकन पुस्तकातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला पूर्ण खांब. जुना ब्रिटिश नमुना अमेरिकन अर्थाने विणला की फेरे उंच होतात, रुमाल सैल पडतो आणि विणणारी स्वतःच्या हाताला दोष देत बसते. मराठी शब्दांत ही फसगत होत नाही. इतकी नेमकी परिभाषा असून आपण तिच्यात लिहिलं फार थोडं.

जुना नमुना पुन्हा उभा करणं काय असतं, ते मला आजीच्या एका रुमालाने शिकवलं. ट्रंकेत घडी घालून ठेवलेला, पिवळा पडलेला, कडेला बारा अननस असलेला गोल रुमाल. अननसाची नक्षी आपल्याकडच्या बायकांना चांगली ठाऊक आहे. खाली खांबांचा पंखा, त्यावर साखळीच्या कमानी, आणि प्रत्येक फेऱ्यात एक कमान कमी होत होत वर टोक. पण ठाऊक असणं वेगळं आणि मोजून लिहिणं वेगळं. आधी रुमाल कोमट पाण्यात भिजवून सपाट पसरला. भिंग घेऊन मधल्या कड्यापासून मोजायला बसले. खांबांचं सपाट वर्तुळ हवं तर पहिल्या फेऱ्यात साधारण १२, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ३६ खांब लागतात. यापेक्षा कमी झाले तर वाटी होते, जास्त झाले तर झालर पडते. आजीच्या रुमालात तिसऱ्या फेऱ्यात दोन खांब कमी होते. पुढच्या फेऱ्यात तिने दोन ठिकाणी एकेक साखळी वाढवून ते भरून काढलं होतं, इतक्या सफाईने की वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथे प्रश्न पडतो. लिहिताना ती चूक सुधारायची की ठेवायची? माझं मत असं की दोन्ही लिहायचं. विणायला सोपा असा दुरुस्त नमुना द्यायचा आणि मूळ रुमालात काय आहे, त्याचीही नोंद करायची. जुन्या नमुन्याचं काम हे थोडंसं जुन्या पोथीच्या कामासारखं आहे. पाठभेद नोंदवावा लागतो.

दुसरी अडचण दोऱ्याची. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक. ४० क्रमांकाच्या दोऱ्यातला नमुना आज सहज मिळणाऱ्या जाड दोऱ्यात केला तर समईखालचा रुमाल टेबलभर होतो. नक्षी तीच राहते, पण जाळीतली हवा जाते. दोऱ्याचा क्रमांक, सुईचा आकार आणि तयार रुमालाचं माप या तीन गोष्टी न लिहिलेला नमुना मी अपुरा समजते.

आता नव्या कामाकडे वळू. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी खेड्यातल्या मुलीलाही शिकवणी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. जपानी पद्धतीच्या विणलेल्या बाहुल्या, लोकरीचे गुलाब, बाळकृष्णाचे झगे, मोबाइलच्या पिशव्या सगळीकडे होतात. सफाई वाढली आहे. रचना मात्र फारशी पुढे गेलेली नाही. एकच सूर्यफूल शंभर घरांत विणलं जातं आणि शंभर जणी ते आपलं म्हणून विकतात. रंग बदलला म्हणजे नवा नमुना झाला, असं मला वाटत नाही. नमुना नवा होतो तो मोजणी बदलली, बांधणी बदलली, किंवा आजवर क्रोशात न आलेलं काही त्यात आलं तर.

आणि असं आणण्यासारखं आपल्या भोवती किती आहे! आपली ठिपक्यांची रांगोळीच घ्या. चौकोनी जाळीचं क्रोशाकाम भरलेल्या आणि रिकाम्या घरांवर चालतं. एका घराला तीन खांब आणि शेवटी एक जास्त, या हिशोबाने १५ घरांच्या ओळीला ४६ खांब. आलेखाच्या वहीवर ठिपके मांडले की अर्धं काम झालं. अडचण तिरप्या रेषेची आहे, जाळीत तिला पायऱ्या पडतात. तेव्हा कुठल्या रांगोळ्या घ्यायच्या, कुठल्या सोडायच्या, हे ठरवावं लागतं. ते ठरवणं म्हणजेच रचना करणं. तांड्यांवरच्या बंजारा भरतकामातले चौकोन आणि त्रिकोण, गोधडीची ठिगळं, औंढा नागनाथच्या देवळावरचे कोरीव थर, हळदीच्या पानाच्या समांतर शिरा, हे सगळं हिंगोली जिल्ह्यात रोज डोळ्यांसमोर आहे. ज्या नर्सीला नामदेवांचं जन्मस्थान मानतात, तीही याच जिल्ह्यातली. संतांच्या मांदियाळीत एका शिंप्याचं घर मानाने उभं असलेल्या या मुलखात सुई-दोऱ्याच्या कामाकडे कमीपणाने बघितलं जाऊ नये, असं मला तळमळीने वाटतं.

पण बघितलं जातं. ‘फावल्या वेळातलं काम’ या तीन शब्दांनी या कलेचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नसेल. सुईने विणलेला खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. यंत्रावर होते ती त्याची नक्कल. दुकानात स्वस्तात टांगलेला क्रोशाचा खरा कपडा कुणीतरी बसून हातानेच विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांच्या काळापासून क्रोशाची लेस होते. मारिया मीझ या अभ्यासक बाईंनी तिथल्या स्त्रियांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं, की माल परदेशी जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते, आणि विणणाऱ्या बाईला मात्र ‘घरी बसून रिकामा वेळ घालवणारी गृहिणी’ मानून अगदी तुटपुंजी मजुरी दिली जात होती. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी आमच्या वसमतच्या हळदीलाही ते मिळालं. हळदीला गावाचं नाव लागलं, भाव मागायला आधार आला. आमच्या रुमालांना अजून कुणाचंच नाव नाही. बचत गटाच्या स्टॉलवर तोरणाची किंमत ठरते ती दोऱ्याच्या खर्चावर. तास कुणी मोजत नाही आणि रचनेचे पैसे तर मागायचेही असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

नमुना वाटला तर दुसरी चोरेल, ही भीती अनेकजणी बोलून दाखवतात. ती खोटी नाही. पण लपवलेला नमुना विणणारीसोबतच संपतो, हे मी आजीच्या बाबतीत पाहिलं. लिहून, तारीख टाकून, नावासह दिलेला नमुना निदान कुणाचा ते सांगता येतं. आपल्याकडच्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर आणि चित्रावर हक्क राहतो. तुमच्या शब्दांत लिहिलेली कृती आणि तुम्ही काढलेला आलेख तुमचाच. खांब किंवा साखळी घालण्याची रीत मात्र कुणा एकीची नाही, ती सगळ्यांची. याच नियमाने १८८७ मध्ये वारलेल्या रीगोबाई आणि १८९० मध्ये वारलेल्या दिलमाँबाई यांचे नमुने आज मोकळे आहेत. ते मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही. खांब-साखळीच्या भाषेत त्यांची पुस्तकं यावीत, हे काम कुणा प्रकाशकाने नाही तर कुणा महाविद्यालयाच्या मराठी किंवा गृहविज्ञान विभागाने हाती घ्यावं. आलेखासाठी चिन्हंही तयार आहेत. साखळीला लंबगोल, खांबाला इंग्रजी ‘टी’ आणि त्याच्या दांडीवर एक छोटी रेघ. जपानी पुस्तकं याच चिन्हांवर चालतात आणि ती वाचायला जपानी यावं लागत नाही.

वाचकहो, घरातली ट्रंक उघडा. एक जुना रुमाल काढा. मधल्या कड्यापासून मोजा, फेऱ्यागणिक आकडा मराठीत लिहा. दोऱ्याचा अंदाज, रुमालाचं माप, विणणारीचं नाव, गाव आणि आठवत असेल तर साल टाका. कागदाच्या दोन प्रती करा. एक शेजारणीला द्या आणि एक त्याच रुमालाच्या घडीत ठेवा.