रंगमंचावर न आलेला मालक

गिरणगावातल्या त्या मोठ्या संपाची ठिणगी पडली ती १९८१च्या दिवाळीत, बोनसवरून. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मिटल्याचे कोणी रीतसर जाहीर केलेच नाही. तो विरत गेला. जयंत पवारांचे ‘अधांतर’ घडते ते त्यानंतरच्या चाळीतल्या एका खोलीत.

नाटक प्रथम वाचले तेव्हा माझा एक आक्षेप होता. धुरी कुटुंबाची एवढी वाताहत होते, पण गिरणीमालक काही कोठे दिसत नाही. आई आहे, मंजू आहे, लेखक होऊ पाहणारा बाबा आहे, क्रिकेटच्या नादातला मोहन आहे, टोळीत शिरलेला नरू आहे; आणि भांडणे होतात ती ह्यांची ह्यांच्यातच. आरोपी मोकळा आणि फिर्यादीच एकमेकांच्या उरावर, हा कुठला न्याय?

तो आक्षेप आज मागे घेतो. ह्याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट काढला. त्यात मालकपक्ष दिसतो. प्रेक्षकाला राग काढायला एक चेहरा मिळतो, आणि तो थोडा हलका होऊन घरी जातो. नाटक ही सोय ठेवत नाही.

कारण बाहेरही तसेच घडले. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते : एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली. आणि शेड, गोदामे, धुराडी ह्यांनी भरलेल्या गिरणीत अशी जमीन ती कितीशी असणार! सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही दुरुस्ती ग्राह्य धरली. ना मारामारी, ना आरडाओरड. नियमातले चार शब्द बदलले. ह्या भूमिकेला नट कोठून आणायचा? म्हणून धुरींच्या घरातला संताप घरातच फिरतो, आणि नरूच्या हाती लागतो.

लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे. धुराडे तेवढे राखले आहे. मागच्या पाडव्याला पुतण्यासाठी मी तेथूनच शर्ट घेतला. कंपनी युरोपातली, शिवण बांगलादेशातली. शिवणाऱ्याचा मालक कोण, हे चिठ्ठीवर नव्हते. आणि मीही विचारले नाही.