घडणावळ आणि मोड

मराठी समीक्षेत नापसंतीचे काही शब्द ठरून गेले आहेत : पोकळ, बेगडी, साचेबद्ध, वर मुलामा दिलेले. एखाद्या कवितेला ‘पोकळ’ म्हटले की पुढे बोलायचे काही उरत नाही. हे शब्द धातूच्या कामाजवळचे आहेत. पण त्यांतला तुच्छतेचा सूर कारागिराचा नाही, तराजू धरणाऱ्याचा आहे.

कोल्हापुरी साजाचे पान पाहा. पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतात, नक्षी उमटली की भाग झाळतात, आत लाख भरतात. ही पोकळी उणीव नव्हे, योजना आहे. थोड्या सोन्यात भरघोस आकार मिळतो आणि लाख पत्र्याला आतून आधार देते, चेपू देत नाही. हाच दागिना मोडीला गेला की लाखेचे वजन वजा, घट वजा, आणि घडणावळ तर पूर्णच वजा.

वऱ्हाडात हा तराजू फार ओळखीचा. पेरणीच्या तोंडावर दागिना गहाण पडायचा. कापूस विकला की सुटायचा, कधी सुटायचाही नाही. अमरावती-अकोल्याकडच्या शेतकरी घरात बाईच्या अंगावरचे सोने हीच अडीनडीची पुंजी. तिथे आधी कस पाहिला जाणे स्वाभाविकच होते. सरकारनेही कसावरच बोट ठेवले : 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने नव्या दागिन्यात 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोने वापरायला मनाई केली आणि असंख्य सोनारांचा हात थांबला. पण कवितेला गहाण पडायचे नसते. तरी आपण तिला मोडीचाच भाव लावतो : रूप वितळवून टाकल्यावर हाती किती ‘आशय’ येतो, एवढेच पाहतो.

हा हिशेब तांब्याच्या दागिन्यापाशी अडतो. त्याला मोडीत फारसे काही येत नाही. त्याची किंमत जवळजवळ सगळी घडणावळीची. हाताने घडवणारे कारागीर आज तांब्याचा पातळ पत्रा घडी घालून घडवतात. कॅनडातील कलावंत चार्ल्स ल्यूटन-ब्रेन यांनी 1980 च्या दशकात ही रीत विकसित केली. पत्रा तापवून मऊ करायचा, घडी घालायची, घडीच्या कडेवर हातोडी चालवायची, पुन्हा तापवून घडी उलगडायची. ठोकलेली कड ताणली जाते, म्हणून पत्रा पानासारखा वळतो. घडीची रेघ मधल्या शिरेसारखी उठून राहते. सपाट असताना बोटाने वाकणारा पत्रा त्या शिरेमुळे ताठ उभा राहतो. त्यात बाहेरून काही भरलेले नसते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. लेखकालाही ‘काटछाट करा’ असाच सल्ला देतो. तो दगडाचा न्याय झाला. दगडातून काढून टाकावे लागते. पत्र्यातून काहीच जात नाही, त्याची जागा बदलते. साध्या बोलीतली, रोजच्या मजकुराची वऱ्हाडी गोष्ट ‘हलकी’ म्हणून बाजूला सारताना तिच्यात घडी कुठे पडली आहे, हे आपण पाहिलेले असते का?

याचा अर्थ सगळे पातळ ते चांगले, असा नाही. तांब्यावर मुलामा देऊन सोने म्हणून विकणे ही फसवणूकच. एकाच ठशावरून निघालेल्या हजार पानांना साचेबद्ध म्हणण्यातही चूक नाही. पण ठसाही कुणीतरी कोरलेला असतो, आणि जात्यावरच्या बायांनी ओवीच्या एकाच ठशातून किती निरनिराळी दुःखे काढली! दोष ठशाचा की हाताचा, हे आधी ठरवावे लागते.

अचलपूरजवळच्या चम्मकला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याचे त्यात कोरलेले आहे. ते तांबे मोडीत किती भरेल, असे कुणी विचारत नाही. त्यावर काय उमटले आहे, ते वाचतात. वऱ्हाडातल्या तांब्याच्या एका पत्र्याला आपण हा मान देतो. आज लिहिणाऱ्याच्या पातळ पत्र्यालाही तो द्यावा : आधी घडणावळ वाचावी, मग हवे तर वजन करावे.